सूक्ष्मदर्शकावर बसवलेला एक्झाक्टा

सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घ्यायचे म्हटले की कॅमेऱ्याचे भिंग आधी काढून बाजूला ठेवावे लागते. प्रतिमा तयार करण्याचे काम सूक्ष्मदर्शकाचे ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळचे भिंग) आणि आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) करतात. कॅमेऱ्याने फक्त फिल्म सपाट धरायची, शटर उघडताना थरथरायचे नाही आणि फोकस जमला आहे की नाही हे पाहणाऱ्याच्या डोळ्याला नेमके दाखवायचे. ऐकायला ही तीन कामे साधी वाटतात. ती तिन्ही चोख करणारा जुना कॅमेरा निवडताना, बसवताना आणि वापरताना जे हाती लागले ते मापांसह आणि कारणांसह येथे लिहीत आहे, म्हणजे पुन्हा कोणी या वाटेने गेले तर त्याला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही.

मी कोल्हापुरात अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर रंकाळा आणि पंचगंगेच्या पाण्यातील डायटम गोळा करून त्यांच्या कायमस्वरूपी स्लाइड बनवण्याचे काम हाती घेतले. डायटम म्हणजे सिलिकेच्या पारदर्शक कवचात राहणारे एकपेशीय शैवाल. त्या कवचावरच्या रेघा किती दाट आहेत आणि कशा मांडलेल्या आहेत, यांवरून जात ओळखण्यास मोठी मदत होते. कोल्हापूर परिसरातील डायटमांवर एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात अभ्यासपूर्ण लेखन केले आहे. त्या काळातील रेखाटनांशेजारी ठेवता येतील अशी छायाचित्रे मला हवी होती आणि ती निगेटिव्हवर हवी होती, कारण स्लाइड आणि तिची निगेटिव्ह एकाच क्रमांकाने एकाच पेटीत राहिली की पुढच्या अभ्यासकाला मूळ वस्तू आणि तिची नोंद एकत्र मिळते. डिजिटल कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. घरात जुनी डार्करूम चालू स्थितीत होती आणि या कामासाठी फिल्मच मला योग्य वाटली.

कोणता कॅमेरा घ्यावा याचा विचार बराच केला. लायका हा कॅमेरा बनवणारी वेत्स्लार येथील लाइट्स कंपनी मुळात सूक्ष्मदर्शकांचीच. त्यामुळे १९२५ मध्ये लायका बाजारात आल्यानंतर तो सूक्ष्मदर्शकावर बसवण्याचे साधनही तिने तयार केले. त्याचे नाव मायक्रो-इब्सो. त्यात एक लोलक प्रकाशाचा काही भाग बाजूच्या लहान दुर्बिणीकडे वळवतो, म्हणजे फोकस तेथून पाहायचा आणि चित्र वर फिल्मवर पडायचे. एका स्नेह्यांकडे ते साधन मी हाताळले. त्याचे पाकळ्यांचे शटर अगदी हलक्या आवाजात उघडते, आणि या कामात ते फार मोलाचे आहे. मात्र बाजूच्या दुर्बिणीत जे दिसते आणि फिल्मवर जे पडते त्यांचा मेळ कायम राखावा लागतो, आणि सगळे भाग शाबूत असलेला संच आज मिळणे कठीण आहे. निकॉन एफ आणि ऑलिम्पस ओएम-१ हे दोन्ही कॅमेरे उत्तम: दोघांचाही आरसा (आलेले दृश्य पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे वळवणारा) आधीच वर उचलून ठेवता येतो आणि दोघांनाही सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी फोकस पाहण्याची वेगळी काच बसवता येते. तरीही माझी निवड एक्झाक्टा व्हारेक्स २ए या कॅमेऱ्यावर स्थिरावली. पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे इहागे कारखान्यात तो १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बनत असे.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. कॅमेरा सूक्ष्मदर्शकावर ठेवला की त्याचे तोंड जमिनीकडे आणि पाठ छताकडे होते. नेहमीच्या एसएलआर, म्हणजे भिंगातलेच दृश्य आरशातून दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यात डोळा पाठीमागे लावायचा असतो, म्हणजे येथे टेबलावर वाकून वरून पाहणे आले. एक्झाक्टाचा दर्शक मात्र सुटा होतो आणि त्याच्या जागी कमरेपाशी कॅमेरा धरून वरून पाहण्याचा दर्शक बसतो. कॅमेरा तोंड खाली करून आडवा टांगला की तोच दर्शक खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येतो. दर्शकाखालची काचही बदलता येते. शटर बारा सेकंदांपर्यंत स्वतः वेळ मोजते. आणि तळाशी एक छोटी सुरी आहे, तिच्याविषयी पुढे. 

कॅमेरा मुंबईत फोर्टमध्ये मिळाला. जुन्या एक्झाक्टाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे शटरचे रबर चढवलेले कापडी पडदे. ते वयोमानाने कडक होतात आणि त्यांना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. ती तपासण्यासाठी भिंग काढून, पाठीमागचे दार उघडे ठेवून, अंधाऱ्या खोलीत पुढून विजेरी धरली आणि मागून पाहिले. पहिल्या पडद्यात ठिपक्यांसारखा प्रकाश दिसला. उन्हात काढलेल्या साध्या छायाचित्रात असे छिद्र कदाचित चालून जाईल, पण येथे प्रकाश कित्येक सेकंद पडद्यावर थांबतो आणि प्रत्येक छिद्राचा निगेटिव्हवर काळा ठिपका होतो. पडदे नवे बसवून घेतले, दीर्घ वेळा घड्याळाशी ताडून पाहिल्या आणि मगच कॅमेरा कोल्हापूरला आणला.

यानंतरचा प्रश्न प्रकाशशास्त्राचा होता आणि बहुतेकांची गाडी येथेच अडते. आपण आयपीसमधून डोळ्याने पाहतो तेव्हा किरण समांतर बाहेर पडतात. फिल्मवर प्रतिमा उमटवायची तर ते एका ठिकाणी एकत्र यावे लागतात. पुष्कळ लोक सूक्ष्मदर्शकाचा फोकस थोडा हलवून हे साधतात. चित्र स्पष्ट दिसतेही, परंतु १६० मिमी नळीसाठी आखलेले ऑब्जेक्टिव्ह मग चुकीच्या अंतरावर प्रतिमा पाडू लागते आणि जास्त शक्तीच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये बारीक रेघांवर धुरकटपणा येतो. योग्य उपाय असा, की ऑब्जेक्टिव्हला त्याच्या जागी राहू द्यावे आणि आयपीसच वर उचलावा. किती उचलावा हे गणिताने काढता येते. १० पट आयपीसचे नाभ्यंतर २५ मिमी असते. फिल्म त्याच्या नाभीपासून १२५ मिमीवर ठेवायची असेल, तर २५ चा वर्ग भागिले १२५, म्हणजे ५ मिमी. आयपीसखाली ५ मिमी जाडीची कडी घातली की काम झाले. त्या अंतरावर आयपीसचे वर्धन ५ पट होते, म्हणून ४० पट ऑब्जेक्टिव्हने फिल्मवर २०० पट आणि १०० पट ऑब्जेक्टिव्हने ५०० पट प्रतिमा मिळते.

ही कडी आणि जोडनळी शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. मिस्त्रींना मी बोलून मापे सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, तोंडी मापावर लेथ लावत नाही, कागदावर काढून आणा.” त्यांचे म्हणणे रास्त होते. कागदावर काढताना माझ्या लक्षात आले की एक्झाक्टामध्ये फिल्म कॅमेऱ्याच्या तोंडापासून ४४.७ मिमी आत असते, म्हणून नळीच्या वाट्याला सुमारे ८० मिमीच उरतात. कॅमेऱ्याला बसणारी खाचेची कडी नव्याने कापणे अवघड होते; ती एक्झाक्टाच्या जुन्या एक्स्टेन्शन रिंगमधून घेतली आणि ॲल्युमिनियमच्या नळीवर चढवली. मिस्त्रींनी नळीच्या आत बारीक आटे पाडले, कारण गुळगुळीत धातू आतून चमकतो आणि ती चमक छापलेल्या चित्राच्या मधोमध पांढुरका डाग होऊन उतरते. आट्यांवर मॅट काळा रंग दिला.

कॅमेरा थेट सूक्ष्मदर्शकावर बसवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. वजनाने नळी अगदी थोडी खाली सरकते आणि शटरचा धक्का सरळ ऑब्जेक्टिव्हपर्यंत पोहोचतो. माझ्याकडे डार्करूममधील एक जादा एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठे चित्र छापण्याचे खांबावरचे यंत्र) होता. त्याचे डोके काढून खांबावर कॅमेरा टांगला. सूक्ष्मदर्शक खाली वेगळा उभा राहतो. कॅमेऱ्याची नळी आयपीसभोवतीच्या रुंद कड्यामध्ये अर्धा इंच उतरते, पण दोन्ही एकमेकांना कोठेही टेकत नाहीत. मधल्या फटीत महाद्वार रोडवरून आणलेल्या काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली आहे, ती प्रकाश अडवते आणि धक्का पोहोचू देत नाही. दोन्हींमध्ये कागदाची पट्टी गोल फिरवून पाहायची. कोठेही अडकली तर कॅमेरा किंचित सरकवायचा. ही तपासणी मी प्रत्येक बैठकीच्या आरंभी करते. सगळी मांडणी कडाप्प्याच्या जाड फरशीवर आहे, आणि फरशीखाली अर्धवट हवा भरलेली स्कूटरची ट्यूब आहे, कारण आमच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या की ४० पट ऑब्जेक्टिव्हखालचा डायटम स्पष्टपणे हलताना दिसतो. महत्त्वाची चित्रे तरीही रात्री उशिराच घेते.

प्रकाशयोजना ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने करते. दिव्याजवळचा पडदा (प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारा) लहान करायचा, कंडेन्सर (स्लाइडखालचे प्रकाश एकवटणारे भिंग) वर-खाली करून त्या पडद्याची कड स्लाइडवर स्पष्ट आणायची, ती मध्यावर आणून दृश्यक्षेत्राच्या कडेपर्यंत उघडायची, मग आयपीस काढून ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या भिंगाकडे पाहत कंडेन्सरचा पडदा त्या वर्तुळाच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत ठेवायचा. तो आणखी मिटला की चित्र ठळक दिसू लागते आणि नवख्याला तेच आवडते. पण रेघांभोवती खोट्या किनारी उमटतात आणि खरा बारकावा नाहीसा होतो. शैक्षणिक सूक्ष्मदर्शकाची साधी ॲक्रोमॅट ऑब्जेक्टिव्ह हिरव्या-पिवळ्या प्रकाशासाठी सर्वांत चांगली सुधारलेली असतात, म्हणून दिव्यापुढे हिरवा फिल्टर कायम असतो. कृष्णधवल फिल्मला त्याने काही बाधा येत नाही.

आता फोकस. या साऱ्या खटाटोपाचा गाभा येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. फिल्मवरील वर्धनाला ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमेरिकल अपर्चरच्या (ते किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते हे सांगणाऱ्या आकड्याच्या) दुपटीने भागले की फिल्मच्या दृष्टीने प्रकाशद्वार किती लहान आहे ते कळते. ४० पट, ०.६५ अपर्चरच्या ऑब्जेक्टिव्हसाठी ते २०० भागिले १.३, म्हणजे जवळजवळ एफ/१५४ येते. साध्या छायाचित्रणात एफ/२२ हे सुद्धा फार लहान द्वार समजतात. एवढ्या मंद प्रकाशात कॅमेऱ्याची नेहमीची घासलेली काच काळवंडते, आणि तिचा रवा डायटमच्या रेघांपेक्षा जाड दिसतो. त्यावर फोकस करणे अशक्य आहे. एक्झाक्टात मी पूर्ण पारदर्शक काच बसवली आहे, तिच्या मध्यावर बारीक फुली कोरलेली आहे. काच पारदर्शक असल्याने प्रतिमा तिच्यावर उमटत नाही, हवेतच असते, आणि डोळा आपोआप जुळवून घेत काचेच्या वर किंवा खाली असलेली प्रतिमाही स्पष्ट पाहतो. म्हणून आधी दर्शकातील भिंगातून फुली कमालीची धारदार दिसेल असे डोके स्थिर करायचे, मग सूक्ष्म फोकस फिरवून डायटम स्पष्ट करायचा, आणि त्यानंतर डोके किंचित डावी-उजवीकडे हलवायचे. फुली आणि डायटमची कड एकमेकांपासून सरकली, तर प्रतिमा काचेच्या पातळीवर नाही. दोन्ही जोडीने हलली, म्हणजे ती पातळीवर आहे. ही सरक ओळखायला डोळ्याला थोडा सराव लागतो, पण एकदा जमले की दुसऱ्या कोणत्याही पद्धतीवर विश्वास बसत नाही.

यातही एक दिलासा आहे. एफ/१५४ इतक्या लहान द्वारामुळे फिल्मच्या बाजूला काही मिलिमीटरची चूक खपून जाते; कॅमेऱ्याची काच आणि फिल्म यांत सूक्ष्म फरक असला तरी चित्र बिघडत नाही. स्लाइडच्या बाजूला मात्र याच्या उलट स्थिती आहे: ०.६५ अपर्चरला साधारण सव्वा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तेलात बुडणाऱ्या १.२५ अपर्चरला अर्ध्या मायक्रॉनएवढीच जाडी एका वेळी स्पष्ट दिसते. डायटमचे कवच त्याहून जाड आणि वक्र असते. त्यामुळे रेघांचा फोकस घ्यायचा की मध्यशिरेचा, हे ठरवूनच चित्र घ्यावे लागते, आणि कित्येकदा एकाच कवचाची दोन चित्रे घेणे हाच प्रामाणिक मार्ग असतो.

प्रत्यक्ष चित्र घेताना शटर ‘टी’वर, म्हणजे आपण मिटवेपर्यंत उघडे राहील असे, ठेवते आणि दिव्यापुढे काळा पुठ्ठा धरते. बटण दाबले की आरसा धाडकन वर जातो, पडदा उघडतो, आणि थरथर सुरू होते. त्या वेळी अंधार असल्याने फिल्मला तिचा पत्ता लागत नाही. चारपाच सेकंद शांत राहून पुठ्ठा बाजूला करायचा, सेकंद मोजायचे, पुठ्ठा परत धरायचा आणि मग शटर मिटवायचे. एक्झाक्टाचा आरसा फिल्म पुढे नेल्याशिवाय खाली येत नाही, त्यामुळे मधे दुसरा धक्काही बसत नाही. प्रकाश मुद्दाम इतका मंद ठेवते की वेळ चार ते आठ सेकंदांच्या दरम्यान यावी. त्याहून कमी वेळ हाताने अचूक मोजता येत नाही.

वेळ ठरवण्यासाठी ती सुरी कामाला येते. २, ४, ८ आणि १६ सेकंदांची चित्रे घेतली, तळाची घुंडी सोडवून खाली ओढली की आतल्या आत फिल्म कापली जाते. गुंडाळणाऱ्या बाजूलाही कॅसेटच लावलेली असल्यामुळे तेवढा तुकडा बाहेर काढून लगेच धुता येतो. दार उघडताना पुढच्या दोन-तीन चित्रांची जागा वाया जाते, पण उरलेली संपूर्ण फिल्म वाचते. दीर्घ वेळेत फिल्मची संवेदनशीलता घटते, तोही हिशेब या चाचणीत आपोआप धरला जातो. एका ऑब्जेक्टिव्हची वेळ कळली की दुसऱ्याची काढता येते, कारण ती वर्धनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि अपर्चरच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ४० पटवरून १०० पट तेलाच्या ऑब्जेक्टिव्हवर जाताना वेळ सहापट होईल अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यामध्येही तेल घातले तर ती जेमतेम पावणेदोन पट होते.

फिल्म इलफोर्ड एफपी४ वापरते. आमच्या विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म सहज मिळे, आणि तिच्यावर घेतलेल्या परागकणांच्या निगेटिव्ह आजही उत्तम स्थितीत आहेत. फिल्मचा रवा या कामात आड येत नाही: ५०० पट वर्धनाला ऑब्जेक्टिव्हने वेगळे दाखवलेले दोन बिंदू फिल्मवर एक दशांश मिलिमीटरहून दूर पडतात, आणि कोणतीही साधी फिल्म याहून कितीतरी बारीक तपशील टिपते. येथे कमतरता असते ती छायाभेदाची, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातील फरकाची. म्हणून डी-७६ विकासक घरीच बनवते, एका लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम, आणि फिल्म त्यात नेहमीपेक्षा थोडी अधिक वेळ ठेवते. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूरचे नळाचे पाणीही २० अंशांच्या बरेच वर असते, तेव्हा भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागते.

प्रत्येक फिल्मवर पहिले चित्र स्टेज मायक्रोमीटरचे असते. त्यावर एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा. ४० पट ऑब्जेक्टिव्हची निगेटिव्ह वाळल्यावर व्हर्निअरने मोजली, तेव्हा एक भाग बरोबर २ मिमी भरला. ५ मिमीची कडी, ८० मिमीची नळी आणि कागदावरचे गणित यांचा मेळ बसला होता, आणि त्या निगेटिव्हवरून डायटमचे माप आता थेट घेता येते.

स्लाइडसाठी डायटम हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळून सेंद्रिय भाग काढते आणि कवचे नॅफ्रॅक्स या पारदर्शक राळेत बसवते. कॅनडा बाल्सम या स्लाइडसाठीच्या नेहमीच्या राळेत ती जवळजवळ अदृश्य होतात. नॅफ्रॅक्सचा वक्रीभवनांक सुमारे १.७ असल्याने त्यांच्या कडा आणि रेघा ठसठशीत येतात. पिन्युलेरिया या डायटमच्या जाड रेघा ४० पट ऑब्जेक्टिव्हने सहज आल्या. जिच्यावर ऑब्जेक्टिव्हची परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते ती प्ल्यूरोसिग्मा अँग्युलेटम मुळात सागरी आणि मचूळ पाण्यातली. तिची जुनी स्लाइड माझ्याकडे आहे. तिच्या रेघा जवळपास अर्ध्या मायक्रॉनच्या अंतरावर असतात, ०.६५ अपर्चरच्या अगदी सीमेवर, आणि तेलाच्या ऑब्जेक्टिव्हखाली त्या एक्झाक्टाच्या निगेटिव्हवर स्वच्छ उमटल्या आहेत. पंचगंगेतील गायरोसिग्माही तितक्याच चांगल्या मिळाल्या.

निट्झ्शिया पॅलिया ही सांडपाण्याने दूषित झालेल्या पाण्यातही तग धरणारी जात मात्र अजून दाद देत नाही. तिच्या रेघा १० मायक्रॉनमध्ये चाळीसच्या घरातही असू शकतात, म्हणजे हिरव्या प्रकाशातील १.२५ अपर्चरच्या मर्यादेलाच त्या टेकतात. प्रकाशाची तरंगलांबी कमी केली की मर्यादा पुढे सरकते, म्हणून हिरव्याच्या जागी निळा फिल्टर घालून आणि कंडेन्सरच्या पडद्यावर एका बाजूने प्रकाश सोडून पुढची फिल्म घेणार आहे. निळ्या प्रकाशात ॲक्रोमॅटचे दोष वाढतील, वेळही बदलेल. त्यामुळे सुरुवात पुन्हा २, ४, ८ आणि १६ सेकंदांच्या चाचणीने आणि सुरीने कापलेल्या तुकड्यानेच करावी लागेल.